गाडी पाच लाखांची, भरपाई दोन लाखांची: जुन्या स्पोर्टी गाडीचा ‘टोटल लॉस’ होतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात माझ्या भाच्याची गाडी गेली. मागे ट्रक, पुढे दुभाजक आणि मधे ही. भाच्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, म्हणून हे सगळं हिशेबाच्या भाषेत लिहिता येतंय.

गाडी होती अबार्थ पुंटो. नाव नवीन असेल तर थोडक्यात सांगतो. फियाटची पुंटो घ्यायची, तिच्यात १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसवायचं, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि अंगावर विंचवाचा बिल्ला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बाजारात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९.९५ लाख होती, आणि बनायची आपल्या पुण्याजवळ रांजणगावात. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते. भाच्याने २०१९ मध्ये वापरलेली घेतली, म्हणजे फियाट भारतातून गाशा गुंडाळत होती त्याच सुमारास. लोकांनी वेड्यात काढलं. पण झालं उलटंच. गाडी बनायची बंद झाली आणि चांगल्या ठेवलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक वाढलं.

अपघातानंतर आठवड्याभरात त्याचा फोन आला. “मामा, तशीच दुसरी घ्यायला पाच लाख लागतायत आणि विमा कंपनी म्हणते दोन लाख दहा हजार. हे कसलं गणित?”

गणित बरोबर होतं. चूक सहा वर्षांपासून थोडी थोडी होत आली होती, आणि ती दरवर्षी मोबाइलवर, दोन मिनिटांत.

आयडीव्ही: ताटाचा दर आधी ठरतो

गाडीच्या पॉलिसीत एक रकाना असतो, आयडीव्ही. गाडीची विम्यासाठी जाहीर केलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार, तो हा आकडा.

हे लग्नाच्या हॉलमधल्या ताटासारखं आहे. ताटामागे दर आधी ठरतो. पाहुणा दोन घास खाऊन उठला काय आणि जिलबीवर आडवा हात मारला काय, दर तोच. आयडीव्हीही वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि पॉलिसीची मुदत संपेपर्यंत तीच गाडीची बाजारभावाची किंमत धरली जाते. अकराव्या महिन्यात अपघात झाला म्हणून ‘गाडी आणखी जुनी झाली’ असं सांगून कंपनीला त्यातून काही कापता येत नाही. ज्या किमतीवर हप्ता घेतला ती किंमत भरपाईच्या वेळी नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका कंपनीला सुनावलेलं आहे.

याची दुसरी बाजू तितकीच कडक आहे. बाजारात भाव वाढला म्हणून तुम्हालाही वर मागता येत नाही.

नव्या गाडीसाठी हा आकडा तक्त्यावरून येतो. गाडीची आजची कंपनी-किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४० असं करत पाचव्या वर्षी ५०. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला, म्हणजे गाडीविम्याच्या दर-अटींच्या नियमावलीतला, हा तक्ता. हप्त्याचे दर कंपन्यांसाठी २००७ मध्ये मोकळे झाले, तक्ता मात्र टिकून राहिला. यात ‘आजची’ किंमत धरतात, तुम्ही दिलेली नव्हे. म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरून छोट्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा तशाच जुन्या गाड्यांच्या आयडीव्हीचाही पाया खाली आला.

पाच वर्षांनंतर तक्ता संपतो

तक्ता पाच वर्षांवर थांबतो. त्याहून जुनी गाडी, किंवा बनायचीच बंद झालेलं मॉडेल, यांची किंमत कंपनी आणि गाडीमालक यांनी ‘परस्पर संमतीने’ ठरवायची, एवढंच तिथे म्हटलंय. ते बरोबरच आहे. जी गाडी शोरूममध्ये मिळतच नाही तिची आजची किंमत कुठून आणणार?

माझ्या मते सगळ्या पॉलिसीत गाडीमालकाला बोलायला मिळणारी ही एकच जागा. आणि नेमक्या याच जागी आपण मौन पाळतो. वेबसाइट एक आकडा दाखवते, खाली एक सरकपट्टी असते, पट्टी डावीकडे नेली की हप्ता कमी होतो. आपण डावीकडे नेतो आणि पैसे भरतो. झाली परस्पर संमती.

भाच्याची पहिल्या वर्षीची आयडीव्ही ५.४० लाख होती. दरवर्षी थोडी घसरत, आणि दोनदा त्यानेच ढकलल्यामुळे, ती २.१० वर आली. यात त्याचे वाचले किती? गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याचा जुना टॅरिफ दर पुणे-मुंबईसारख्या शहरांत, या इंजिनाच्या ५ ते १० वर्षं वयाच्या गाडीला आयडीव्हीच्या ३.४४७ टक्के होता. आयडीव्ही ४ लाख ठेवली असती तर १.९० लाखांवर साधारण साडेसहा हजार वाढले असते. त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट होती, म्हणजे सव्वातीन हजार. वर कर. आजकाल कंपन्या या दरावरही सूट देतात, तेव्हा खरा फरक आणखी कमी. चार हजारांच्या आत वाचवले आणि एक लाख नव्वद हजारांवर पाणी सोडलं.

‘पण कंपनी जास्त आयडीव्ही देतच नाही!’

वेबसाइट देत नाही, हे खरं. पट्टी एका मर्यादेपलीकडे सरकत नाही. अशा वेळी शाखेत किंवा एजंटाकडे जाऊन, माणसाशी बोलून पॉलिसी घ्यावी लागते. गाडीची तपासणी करून घ्यायची. तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती, सर्व्हिसची बिलं, टायर-क्लच बदलल्याच्या पावत्या आणि शक्य असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून (विम्यासाठी गाडीचं नुकसान आणि किंमत मोजणारा) किमतीचा दाखला समोर ठेवायचा. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीकडे जायचं. कंपनीला अवाच्या सवा आकडा नको असतो, कारण भंगारातल्या गाडीवर पाच लाख लावून ती ‘चोरीला’ जाऊ देणारेही आपल्यातच आहेत.

खऱ्याखुऱ्या पुराण्या गाड्यांसाठी वेगळी सोय आहे. टॅरिफच्या लेखी १९४० संपण्याआधी बनलेली गाडी व्हिंटेज, आणि तिला आधीच कबूल केलेल्या किमतीची पॉलिसी मिळते. केंद्राने २०२१ मध्ये नोंदणीसाठी ५० वर्षांची अट ठेवून व्हिंटेज गाड्यांची वेगळी मालिका सुरू केली. पण पहिली ऑक्टाव्हिया आरएस, पालिओ १.६, जुनी व्हीटेक सिटी किंवा ही पुंटो ना नवी ना व्हिंटेज. कौतुक सगळे करतात, नियमांत मात्र ती नुसतीच ‘जुनी गाडी’.

७५ टक्क्यांची रेघ

घरातला जुना मिक्सर बिघडतो. दुरुस्तीवाला नव्याच्या पाऊण किंमत सांगतो, तेव्हा आई म्हणते, राहू दे, नवाच आणू. विमा कंपनीचा नियम अगदी हाच आहे. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की तो ‘टोटल लॉस’. गाडीचा चुरा व्हायला हवा असं नाही.

पण इथे एक खाच आहे, आणि जुन्या गाडीचे मालक हमखास तीत अडकतात. खर्च मोजायचा तो ‘पॉलिसीच्या अटींना अधीन राहून’. त्या अटींत सुट्या भागांवरचा घसारा येतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मेच पैसे मिळतात. काचेवर घसारा नाही. लोखंडी-पत्र्याच्या भागांवर ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के कापतात. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्यातला निम्मा वजा. मजुरी पूर्ण. घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कवच नऊ वर्षांच्या गाडीला बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

समजा गाडीची आयडीव्ही ३ लाख, म्हणजे रेघ २.२५ लाखांवर. गॅरेजचं एस्टिमेट असं: पत्रा १.२० लाख, प्लास्टिक आणि एअरबॅग १.३० लाख, मजुरी ४० हजार, रंग ३२ हजार. बेरीज ३.२२ लाख. आयडीव्हीपेक्षाही जास्त! तुम्ही म्हणाल, टोटल लॉस. सर्व्हेअर घसारा कापून पत्र्याचे ७२ हजार, प्लास्टिकचे ६५, मजुरी ४०, रंगाचे २८ धरतो. झाले २.०५ लाख. रेघ ओलांडली नाही. गाडी दुरुस्त करा, २.०५ कंपनी देईल, राहिलेले १.१७ लाख तुमचे. बरेच सर्व्हेअर असाच घसारा कापलेला आकडा बघतात, आणि ग्राहक आयोगांत भांडणं होतात ती याच शब्दांवरून. म्हणून सर्व्हे अहवालाची प्रत मागून घ्यावी. त्यात प्रत्येक भागापुढे एस्टिमेट किती आणि मान्य किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं.

गंमत अशी की आयडीव्ही जितकी कमी, तितकी गाडी लवकर ‘टोटल’ होते. ज्याला आपली गाडी दुरुस्त करून परत हवी आहे, त्यानेही आयडीव्ही वरच ठेवायला हवी. भाच्याच्या बाबतीत वादाला जागाच नव्हती. घसारा कापूनही खर्च २.८३ लाखांवर होता आणि त्याची रेघ दीड लाखाच्या जरा वर.

‘अमेरिकेत तर जाहिराती दाखवून पैसे वाढवून मिळतात’

मिळतात. न्यू जर्सीतल्या मराठी मित्रांचा सल्ला किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ चुकीचे नसतात, ते तिथल्या पॉलिसीबद्दल असतात. तिथल्या नेहमीच्या पॉलिसीत आधी ठरलेला आकडा नसतो. अपघाताच्या क्षणी गाडीची बाजारात काय किंमत होती हे नंतर शोधतात, त्यामुळे तशाच गाड्यांच्या जाहिराती पुढे करून घासाघीस करता येते. भांडण अपघातानंतरचं. आपल्याकडे ते अपघाताच्या आधी, नूतनीकरणाच्या दिवशी करायचं असतं. नंतर जाहिराती दाखवून उपयोग नाही, आणि भाच्याने चक्क अकरा दाखवल्या.

कंपनी आयडीव्हीपेक्षाही कमी देऊ करत असेल तर मात्र भांडायला जागा आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. चूक ट्रकची होती, तेव्हा न मिळालेली रक्कम ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येते. मालमत्तेच्या नुकसानीला ही मर्यादा सहसा साडेसात लाखांची असते. पण तारखा मोजायची तयारी हवी. भाच्याची नव्हती.

आणि इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवली असेल, वेगळा एक्झॉस्ट लावला असेल, तर ते कंपनीला आधी कळवलेलं हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली गाडीतले काही बदल मुळात चालतच नाहीत. शौकिनांना हे आवडत नाही. सर्व्हेअरला बदल दिसतो तेव्हा त्यालाही आवडत नाही.

रेक ठेवायचा की सोडायचा

चेपलेल्या गाडीला या धंद्यात ‘रेक’ किंवा ‘साल्व्हेज’ म्हणतात. कंपनी त्यावर बोली मागवते, आणि बऱ्याचदा दोन बोली येतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. भाच्याच्या गाडीला आरसीसकट ९५ हजार आणि आरसी रद्द करून ६० हजार आले. फरक का, हे समजून घेण्यासारखं आहे. आरसी जिवंत असेल तर घेणारा गाडी उभी करून पुन्हा रस्त्यावर आणू शकतो. किंवा त्या कागदांवर, चासी नंबर खोडून, एखादी चोरीची गाडी ‘कायदेशीर’ करू शकतो. पस्तीस हजार या शक्यतांचे असतात.

आरसी तुमच्या नावावर असेपर्यंत जबाबदारी तुमची. गाडी विकली पण नाव बदललं नाही, आणि नंतर तिने कुणाला उडवलं तर नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून रेक आरसीसकट देत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून विसरू नका, नाव बदलल्याचं डोळ्यांनी बघा. गाडी कायमची निकामी असेल तर कायद्याप्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. फास्टॅगही बंद करायचा.

तिसरा मार्ग म्हणजे रेक स्वतःच ठेवायचा. मग त्याची बोली भरपाईतून वजा होते. स्विफ्टच्या मालकाला मी हे कधी सुचवणार नाही. पण बनायची बंद झालेली गाडी असेल तर हिशेब बदलतो. बोली लावणाऱ्याला त्या गाडीत किलोवर पत्रा दिसतो. भाच्याला दिसत होते शाबूत टर्बो, गिअरबॉक्स, चार अलॉय चाकं आणि सीटा, जे उद्या दुकानात मागायला गेलं तर दुकानदार नुसता हसेल. त्याने नोंदणी रद्द केली, रेक ६० हजारांना ठेवला आणि दाव्यात मालकाने स्वतः सोसायचे सक्तीचे एक हजार वजा जाऊन १ लाख ४९ हजार घेतले.

तशीच दुसरी शोधताना

शोधायला लागल्यावर पहिली भीती अशी की दुसऱ्याचा टोटल लॉस आपल्या गळ्यात पडेल. परिवहनच्या ॲपवर नोंदणीची स्थिती, मालक कितवा, विमा कधीपर्यंत हे दिसतं, अपघात दिसत नाही. मी सगळ्यात आधी विकणाऱ्याची चालू पॉलिसी मागतो. तिच्यातला नो क्लेम बोनस हे गाडीचं प्रगतिपुस्तक आहे. एकही दावा न केल्यास तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० वर जातो. एकच मालक सहा वर्षं गाडी वापरतोय आणि बोनस शून्य, तर एक तर नुकताच दावा झालाय किंवा विमा ९० दिवसांहून जास्त खंडित होता. दोन्हींचं उत्तर विचारायचं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा विकणाऱ्याचा तुम्हाला मिळणार नाही. भाच्याचा तर दाव्याबरोबरच शून्यावर आला, हा या प्रकरणातला लपलेला खर्च.

मग बिल्ल्यावर जाऊ नका. विंचवाचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. आरसीवरचं मॉडेलचं नाव, बॉनेटखालचा टर्बो आणि मागचे डिस्क ब्रेक बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. ‘आत्ताच बदललाय’ हे बिल नव्हे. चासी नंबर कोरलेल्या जागेवर नवा रंग असेल तर चहा पिऊन निघा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्लीतली तर फारच, कारण तिथे जुन्या गाड्यांच्या वयावरून वर्षानुवर्षं टांगती तलवार आहे. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा एमएच नंबर आणि त्यासाठीच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई बरीच आटते.

‘हट्ट सोड, दुसरी घे,’ असं सगळे म्हणतातच. मीही म्हणालो. रांजणगावऐवजी चाकणची पोलो जीटी घे, २०२२ पर्यंत बनत होती, गॅरेजं आहेत, भाग मिळतात. त्याने चालवून पाहिली. चांगली आहे म्हणाला, आणि परत पुंट्या शोधायला लागला.

चार महिन्यांनी नाशिकला एक मिळाली, ४.६० लाखांना. दुसरा मालक, बोनस ५० टक्के, क्लच संपलेला. क्लच रेकमधून आला. पॉलिसी घेताना तो या वेळी शाखेत गेला, तपासणी करवली आणि आयडीव्ही ४.२५ लाखांवर ठरली. रेक सोसायटीच्या मागच्या भिंतीशी निळ्या ताडपत्रीखाली आहे. सेक्रेटरींची दुसरी नोटीस परवाच आली.